देव्हाऱ्यातला सातवा टाक

मला राग लवकर येतो, हे कामथडीत कुणालाही विचारा, सांगतील. खरं आहे. पण तो उतरतोही लवकर. या खेपेचा मात्र तीन महिने झाले तरी उतरलेला नाही. उतरू नये असंच मला वाटतं, म्हणून लिहून ठेवते आहे.

आमचे हे, म्हणजे कुंडलिक, भोर डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर होते. उभ्या आयुष्यात यांनी आवाज चढवला नाही. दारू प्यालेला माणूस अंगावर धावून आला तरी हे त्याला "दादा, पुढं सरका" म्हणणार. मुदतीआधीच स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर घरात बसून माझं डोकं खातील असं वाटलं होतं, तर यांनी भलतंच काढलं. म्हणाले, आपल्या घराण्याची वंशावळ करायची. भावकी पुण्याला, भोरला, कुठे कुठे पांगली आहे, चुलतभावांची पोरं एकमेकांना ओळखत नाहीत. सगळ्यांची नावं एका जागी आणायची आणि माघात कुलदेवीचा गोंधळ ठेवून, सगळ्यांना बोलावून, ती मोठ्या फ्लेक्सवर लावायची.

आधी झाड काढलं. फांद्या एकमेकींत अशा गुंतल्या की कोण कुणाचा हे त्यांचं त्यांनाच कळेना. मग यांनी वंशावळ एसटीच्या मार्गासारखी मांडली. मूळपुरुष म्हणजे डेपो, प्रत्येक पिढी म्हणजे एक थांबा, जन्मला तो चढला, गेला तो उतरला, आणि दोन्हीची सालं पुढे. मी पुष्कळ हसले, पण खरं सांगायचं तर ते कुणालाही एका नजरेत समजत होतं. वही घेऊन हे गावोगाव हिंडले. कापूरहोळला ढाब्यावर बसून एका लांबच्या काकांकडून सात नावं आणली, आणि त्यातली दोन त्यांनी मनाने घातलेली आहेत हे दुसऱ्या काकांकडून कळलं. दर रविवारी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकेका पूर्वजाची माहिती टाकायचे. त्यावर लोक हात जोडायचे, गुलाबाची फुलं पाठवायचे. वाचत कोण होतं देव जाणे. एकदा यांनी चुकून पणजोबांच्या जागी विहिरीवरच्या मोटारीचा फोटो टाकला, तरी नऊ जणांनी हात जोडले.

मनापासून लक्ष असायचं एकट्या रत्नाआत्यांचं. या आमच्या यांच्या आत्या, माझ्या सासऱ्यांची थोरली सावत्र बहीण. वय चौऱ्याहत्तर, राहायला भोरला. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून नातीकडून वाचून घ्यायच्या आणि लगेच फोन करायच्या, "कुंडलिक, माझ्या आयेचं कवा टाकतूस?"

आता इथे नातं नीट सांगायला हवं. यांचे आजोबा रखमाजी, त्यांना दोन बायका. पहिली कोंडाबाई, माहेर वेल्ह्याच्या वर डोंगरात, तोरण्याच्या मागच्या अंगाला. तिला एकच मुलगी, रत्नाआत्या. आत्या दोन वर्षांच्या असताना, बावन्न साली, कोंडाबाई माहेरी गेली आणि तिथेच तापाने वारली, असं घरात सांगत आले. मग आजोबांनी बाळाबाईशी लग्न केलं. बाळाबाईला दोन मुलगे. थोरले गेनबा, माझे सासरे, ते आता नाहीत. धाकटे हनुमंत, त्यांना सगळी भावकी नाना म्हणते.

आमच्याकडे पहिली बायको वारल्यावर दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. मेलेल्या सवतीने त्रास देऊ नये म्हणून दुसरीने तिला आयुष्यभर गळ्यात वागवायचं. नवी साडी आधी तिला दाखवायची, मग आपण नेसायची. बाळाबाईने तो टाक चव्वेचाळीस वर्षं वागवला. शहाण्णव साली ती गेली तेव्हा तो देव्हाऱ्यात ठेवला. देवांचे सहा टाक, हा सातवा. घरची थोरली सून म्हणून त्याला रोज हळदीकुंकू लावायचं काम माझ्याकडे आलं.

रत्नाआत्या भोरहून आल्या की चहाच्या आधी देव्हाऱ्यापुढे बसायच्या, बोटांनी चाचपून सातवा टाक शोधायच्या आणि म्हणायच्या, "आये, आले गं." आईचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, फोटो कुणी काढलेला नव्हता. सोनाराने अंदाजाने उठवलेली ती आकृती हीच त्यांची आई.

पितृपंधरवड्यात आमच्याकडे कोंडाबाईच्या नावाने पान वाढत. त्या दिवशी बाळाबाई सगळ्यांना आग्रहाने वाढायची, स्वतः मात्र घास तोंडात घालायची नाही. म्हातारीचा सवतीमत्सर अजून गेला नाही, असं मी नवी सून मनात म्हणायची. आणि कावळा काही त्या पानाला शिवायचा नाही. तास तास उन्हात उभं राहावं लागायचं. घरची माणसं म्हणायची, तिची काहीतरी इच्छा मागे राहिली असणार.

मागच्या दिवाळीनंतर हे कोंडाबाईच्या माहेरची नावं आणायला निघाले आणि मलाही बरोबर घेतलं. वेल्ह्याच्या बाजारात दोन दुकानांत विचारल्यावर वाडीचा पत्ता लागला. एसटी जिथवर जाते तिथवर गेलो, पुढे दीड तास चढ. वाडीत अकरा घरं. कोंडाबाईच्या भावाचा मुलगा सावळा, पासष्टीचा माणूस, अंगणात नाचणीची कणसं झोडत होता. ओळखपाळख झाली, पाणी झालं, आणि यांनी वही उघडली.

"कोंडाबाईला भाऊ किती? त्या बावन साली वारल्या, तवा..."

सावळाचा हात थांबला. "कोण वारलं बावन साली?"

"कोंडाबाई. रत्नाआत्याची आई."

त्याने काठी खाली ठेवली. "आत्या दोन हजार नऊ साली गेली. ह्याच अंगणातनं उचलली म्या तिला."

मला वाटलं गल्लत होते आहे, दुसरी कुणी कोंडाबाई असेल. सावळा घरात गेला आणि पत्र्याच्या पेटीतून मतदानाचं ओळखपत्र घेऊन आला. नाव कोंडाबाई. पतीचे नाव रखमाजी. फोटोत एक म्हातारी, कपाळावर मोठं कुंकू, आणि निम्म्या चेहऱ्यावर, मानेवर पांढरे डाग.

कोड! एवढंच. अंगावर कोड उठलं म्हणून बाईला माहेरी आणून टाकली. कोड दुखत नाही, खुपत नाही, शेजारच्या माणसाला लागत नाही. कातडीचा रंग जातो, बस्स. पण सासरच्यांनी अट घातली होती, ती सावळाने त्याच्या बापाकडून ऐकलेली. मुलगी आमच्याकडे राहील आणि तुम्ही डोंगर उतरून यायचं नाही. कोडाच्या आईची मुलगी म्हटल्यावर तिला उद्या कोण करून घेणार? त्यापेक्षा आई मेली म्हणून सांगू, मुलीचं भलं होईल. मुलीचं नाव पुढे केलं आणि बाई गप्प बसली. सत्तावन्न वर्षं गप्प बसली.

"गेल्यावर तरी कळवायचं हुतं," हे कसंबसं म्हणाले.

"कुणाला कळवायचं? तुमी तर तिला आदीच मारलेली," सावळा म्हणाला. "आन् तुमचा म्हातारा गेल्याचं तुमी तरी कुठं कळवलं? आत्या मरेपतुर कुकू लावत हुती."

आजोबा चौऱ्याऐंशी साली गेले. म्हणजे पंचवीस वर्षं ती बाई विधवा होती आणि ते तिला ठाऊकसुद्धा नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कावळा का शिवत नव्हता ते तिथे, त्या अंगणात कळलं. कसा शिवेल? ज्या बाईच्या नावाने आम्ही पान ठेवत होतो ती इथे डोंगरावर भाकरी थापत होती! बाळाबाई त्या दिवशी का जेवत नव्हती तेही कळलं. आणि मी? शहाण्णवपासून दोन हजार नऊपर्यंत, तेरा वर्षं, रोज सकाळी आंघोळ करून मी एका जित्या बाईला मेलेली म्हणून हळदीकुंकू लावलं. या माझ्या हातांनी. मला कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि पाप मात्र माझ्या हातून करवून घेतलं.

निघताना सावळाने ते ओळखपत्र यांच्या हातात दिलं. "रत्नाक्काला द्या," म्हणाला. उरलेली नाचणी झोडायला तो पुन्हा खाली बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नानांकडे गेलो. नाना घराण्यातले वडीलधारे, त्यांना डावलून काही करायचं नाही हा यांचा नियम. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत म्हणाले, "मला ठावं हाय ते. झाकलंय ते झाकलेलंच ऱ्हाऊ दे."

मी उभ्या उभ्या हादरले. पण नाना पुढे बोलतच होते. सोनियाचं, म्हणजे त्यांच्या नातीचं, लग्न जुळत आलेलं. मुलाकडचे पाहुणे मेळाव्याला येणार. "त्यांच्यासमोर कोडाची बाई फ्लेक्सवर लावायची हाय व्हय तुला? आन् अक्काला ह्या वयात धक्का द्यायचा? समद्यांचं बरं चाललंय की."

"धक्का त्यांना बसंल का तुमाला?" मी विचारलं.

"कुंडलिक, बायकूला आवर," नाना म्हणाले.

आणि आमचे हे खाली मान घालून बसले. घरी येऊन मी यांना सोडलं नाही. आठ दिवस घरात भांड्यांचा आणि माझा, एवढाच आवाज होता. म्हटलं, एकतीस वर्षांत एक माणूस बिनतिकिटाचा नेला नाहीत, आणि आता हे एवढं मोठं खोटं मांडीवर घेऊन निघालात? हे म्हणायचे, "सांगायचं कसं मोहिनी, तूच सांग." तीनदा आत्यांना फोन लावला, तिन्ही वेळा गुडघे कसे आहेत एवढं विचारून ठेवून दिला. मलाही मोठेपणा घ्यायचं कारण नाही. मी एकदा ओळखपत्र पिशवीत घालून भोरला गेले होते. आत्यांनी चहा केला, शेवया बांधून दिल्या, आणि मी शेवया घेऊन परत आले.

फ्लेक्स छापून आला. सगळ्यांच्या नावापुढे चढल्याचं साल, उतरल्याचं साल. एकट्या कोंडाबाईच्या पुढे काही नाही. नुसतं कै. कोंडाबाई. नानांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि यांच्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

मेळाव्याच्या दिवशी दारात मंडप, तीनशे माणसांचा स्वयंपाक, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर सोनियाचे होणारे पाहुणे. गोंधळी आले, त्यांनी आत सोप्यात चौक मांडला. देव्हाऱ्यातले सगळे टाक उजळून मी चौरंगावर मांडले. तेवढ्यात नातीचा हात धरून रत्नाआत्या आल्या. नवं लुगडं नेसलेल्या, केसांत अबोलीचा गजरा. चौरंगापुढे बसल्या आणि चाचपत सातव्या टाकापाशी आल्या.

"आये, आले गं. आज तुझं नाव लागलंय म्हनं भाईर. एवढं मोठ्ठं." त्यांनी टाक उचलला आणि बोट हळदीत बुडवलं.

मी त्यांचं मनगट धरलं. मला दुसरं काही सुचलंच नाही. "आत्या, लावू नका."

"का गं?"

मी त्यांच्यापुढे बसले आणि जे होतं ते सांगितलं. आई तापाने गेली नव्हती. कोड उठलं म्हणून तिला माहेरी ठेवली. दोन हजार नऊपर्यंत ती तिथेच होती. तुमच्यासाठी खाली आली नाही. चार वाक्यांत संपलं. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट सांगायला एक मिनिटही लागलं नाही. मग कमरेला खोचलेलं ओळखपत्र काढून त्यांच्या दुसऱ्या हातात ठेवलं.

आत्यांनी ते डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, तिरपं करून पाहिलं. दिसत नव्हतं. "फोटू हाय व्हय ह्याच्यावर?"

"हाय."

"कशी दिसती?"

"तुमच्यावानी. नाक तुमचंच."

"कुकू लावलंय?"

"लावलंय. मोठं."

एवढ्यात नाना माणसं बाजूला सारत आत आले. "अक्का, हिचं काय ऐकतीस? हिला याड लागलंय. ऊठ, गोंधळाची येळ झाली."

आत्या उठल्या नाहीत. "हणमंता, तुला कवापासनं ठावं हाय?"

नाना गोंधळ्यांना चौकाकडे खूण करू लागले.

"मी काय इचारते?"

"आई जाताना बोलली."

"म्हंजी शहाण्णव साली." आत्यांनी हळदीच्या बोटांनी पेरं मोजली. "तेरा वर्सं. तेरा वर्सं ती जिती हुती, आन् तू दर भाऊबीजंला माझ्याफुडं पाटावर बसून ववाळून घेत हुतास."

"अक्का, तुझ्या भल्यासाठीच..."

"गप."

मग त्या गोंधळ्यांकडे वळल्या. त्यांच्यातला म्हातारा कमरेला संबळ बांधून तयार उभा होता. "बुवा, एक सांगा. आई गेल्याचं लेकराला उशिरा कळलं, तर सुतक कवापासनं धरायचं?"

म्हाताऱ्याने नानांकडे पाहिलं, मग आत्यांकडे. "ऐकल्यापासनं, माय. आईबापाचं कितीबी वर्सांनी कळू दे. दिल्या लेकीला तीन दिस, लेकांना धा."

"मंग गोंधळ थांबवा. मला सुतक हाय. आन् ह्यालाबी हाय. ती ह्याचीबी थोरली आई."

"अगं, पंधरा वर्सं झाली तिला जाऊन!" नाना ओरडले. "भाईर तीनशे मानूस बसलंय!"

"मला आत्ता गेली," आत्या म्हणाल्या.

म्हाताऱ्या गोंधळ्याने संबळाची गाठ सोडली. दुसऱ्याने चौकातली समई उचलून बाजूला ठेवली. बाहेर कुजबुज सुरू झाली. सोनियाची होणारी सासू काय झालं, काय झालं म्हणून विचारत होती, आणि तिला सोनियानेच सांगितलं. मी दारातून ऐकलं. पोरीने आवाज खाली केला नाही. "माझी थोरली पणजी गेली. तिला कोड होतं म्हणून घरातून काढलेली," असं स्पष्ट म्हणाली.

आमचे हे इतका वेळ चौकटीला टेकून उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. मला वाटलं, आताही नानांकडे बघतील. पण हे वळले, मंडपाच्या तोंडाशी गेले आणि आयुष्यात कधी ऐकला नव्हता असा आवाज लावला. "गोंधळ हुनार न्हाई! सुतक पडलंय! आमची आजी गेली! मागं न्हाणीपाशी पाणी काढतोय, ज्यांचं ज्यांचं नातं लागतंय त्यांनी पुढं सरका!"

पाच-सहा जण लगेच उठले. काही बसून राहिले. नाना सोप्यातच उभे होते, त्यांना जागा करून देत लोक त्यांच्या बाजूने मागे जात होते.

मी आत्यांना धरून न्हाणीवर नेलं आणि दगडावर बसवलं. यांनी बादली भरून आणली. आत्यांची एक मूठ अजून मिटलेली होती. त्यांनी ती उघडून टाक माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो परत देव्हाऱ्यात ठिवू नको."

"न्हाई ठेवत. ऊन पाणी घालू का?"

"न्हाई. गारच घाल."

पहिला तांब्या मी त्यांच्या डोक्यावर ओतला. गजरा सुटून पाण्याबरोबर मोरीकडे गेला. चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई थंडीने शहारली, दोन्ही हात गुडघ्यांना आवळून बसली, आणि डोंगरावरच्या माणसाला ऐकू जावं एवढ्या मोठ्याने तिने हाक मारली, "आये!"